थोरल्याचा वाटा

शिळफाट्याला उतरणारा माणूस कुठून आला हे त्याच्या पिशवीवरून ओळखावं, असं आमची आजी म्हणायची. पेणेकडून आलेल्याच्या पिशवीला सुकटीचा वास. घाट उतरून आलेल्याकडे कांदे, गूळ, हंगामात हुरडा. मुंबईहून आलेल्याकडे पत्र्याची ट्रंक आणि पोरांसाठी खाऊचा पुडा. आणि ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला आधी पाणी द्यावं, मग विचारावं. हे शेवटचं ती कुणावरून म्हणायची ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नाव मात्र कुणी घेत नसे.

आमचा फाटा म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांचंच गाव. एक्स्प्रेस वे होईपर्यंत मुंबई-पुण्याच्या गाड्या इथूनच खोपोलीत शिरायच्या आणि घाटाला लागायच्या. त्याच्या कितीतरी आधी, १८५६ साली, रेल्वे खोपोलीपर्यंत येऊन थांबली होती. पुढे घाट उभा. मग प्रवासी उतरायचे आणि डोलीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून खंडाळा गाठायचे. घाटातली रेल्वे सुरू झाली १८६३ साली. आमचे खापरपणजोबा त्या कामावर दगडाच्या पाट्या उचलायला होते, असं घरात सांगत. कागदोपत्री पुरावा काही नाही, पण खोपोली-खालापुरातल्या निम्म्या घरांत हेच सांगतात आणि हजारो माणसं त्या कामावर होती हे खरंच आहे. शिंगरोबा धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली ही गोष्ट तर आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. घाटातल्या त्याच्या देवळापाशी गाडी आली की आजी पदराच्या गाठीतलं नाणं काढून खिडकीतून टाकायची.

त्याच कामातली एक गोष्ट मात्र मला फार उशिरा, पुस्तकातून कळली. या घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस विलायतेला परत जाऊ शकली असती. ती राहिली आणि तिने ते कंत्राट पुढे चालवलं. जो जातो त्याची गोष्ट होते. जो मागे राहून निस्तरतो, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. हे मला पुढे पुन्हा पुन्हा जाणवलं, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

आमच्या पणजोबांना दोन मुलगे. थोरले माझे आजोबा. त्यांचा जन्म खोपोलीचं पॉवर हाऊस सुरू झालं त्या साली, म्हणजे १९१५चा. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. आपल्या डोंगरातलं पाणी मुंबईची गिरणी फिरवतं याचं त्या पिढीला मोठं अप्रूप होतं. धाकट्या आजोबांनाही असावं, कारण पाण्यामागोमाग तेही मुंबईला गेले. पण ते रिकामे गेले नाहीत. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आगेमागे त्यांनी पणजोबांकडे आपला वाटा मागितला. जमीन फोडायची नाही, रोख द्या, मुंबईत वखार घालतो, असं त्यांचं म्हणणं. बाप जिवंत असताना वाटा मागायची आमच्याकडे रीत नव्हती. चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही म्हणतात. शेवटी पणजोबांनी खालापूरच्या सावकाराकडे एक खाचर गहाण टाकलं. तरी पैसे पुरेनात, तेव्हा आजीच्या पाटल्या गेल्या. आजी तेव्हा नवीन सून होती. धाकट्यांनी फारकतीचा कागद लिहून अंगठा उठवला आणि एके सकाळी कर्जतची वाट धरली.

मुंबईत त्यांचं काय झालं याच्या आमच्या घरात तीन हकिगती आहेत. आत्या म्हणायची भागीदाराने बुडवलं. आजोबा म्हणायचे शर्यतीच्या घोड्यांनी. धाकटे आजोबा स्वतः म्हातारपणी एवढंच म्हणाले की मुंबईत पैसा हातात येताना दिसतो, जाताना दिसत नाही. शेवटी ते गोदीच्या बाजूला हमाली करत होते, एवढं नक्की.

१४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापूस होता, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. त्या विटा उडून लांबलांब पडल्या. शेकडो माणसं गेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या आणि मिळेल त्या वाटेने लोक मुंबईबाहेर निघाले. आमच्याकडे ही बातमी आली ती आजीच्या तोंडी अशी राहिली : "मुंबईला आभाळातनं सोनं पडलं म्हणं, आन् हा बाबा मोकळ्या हातानी घरी आला."

ते कर्जतपर्यंत गाडीने आले आणि पुढे चालत, की पळसदरीपासूनच रुळांच्या कडेने चालत, यावर घरात दोन मतं. वेळ मात्र उन्हं कलतानाची. पणजोबा तेव्हा गुडघ्यांनी अधू झाले होते, ओटीवरून अंगणात यायलाही काठी लागायची. नाक्यावरच्या कुणीतरी पोराने येऊन सांगितलं, आणि म्हातारा काठी विसरून, पायात वहाणा न घालता, तापलेल्या रस्त्यावर चालत सुटला. आमच्याकडे वडीलमाणूस धावत नाही. धावतं ते पोर नाहीतर गुरू. त्या दिवशी अख्ख्या आळीने पणजोबांना धावताना पाहिलं. बोलले फक्त एवढंच, "बाला, घरान चल. पाय धू."

मग घरात गडबड उडाली. एक कोंबडा देवाच्या नवसाला राखून ठेवलेला होता. तोच कापला. आजीने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, वाटण वाटलं, कणगीतले आंबेमोहोराचे जपून ठेवलेले तांदूळ काढले. भावकी जमली. कुणीतरी ढोलकी आणली असंही आत्या सांगायची, पण आत्या तेव्हा चार वर्षांची होती, तेव्हा ढोलकीचं मी खात्रीने सांगत नाही.

आजोबा या वेळी शेतावर होते. एप्रिल म्हणजे आमच्याकडे राब भाजायचे दिवस. झाडांची कवळं तोडून वाळवायची, ती आवणाच्या तुकड्यावर पसरायची, वर शेण-पातेरा, त्यावर मातीचा थर, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. मग त्या भाजलेल्या मातीत भाताची रोपं तरारून येतात. हे काम अर्ध्यावर टाकून येता येत नाही, आग बांधाबाहेर गेली तर रान पेटतं. पण राब विझून गार झाला तरी आजोबा आले नाहीत. बोलवायला गडी गेला, त्याला परत पाठवलं. मग अंधार पडल्यावर पणजोबा स्वतः कंदील घेऊन बांधावर गेले. तिथे बापलेकांत काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नाही. आजीला एवढंच ठाऊक की सगळी निजानीज झाल्यावर आजोबा मागच्या दाराने आले, त्यांनी मिठाशी सकाळची शिळी भाकर खाल्ली आणि झाकून ठेवलेल्या रश्श्याच्या वाटीला हात लावला नाही.

ही घरची गोष्ट ख्रिस्ताने सांगून ठेवली आहे, हे आजीला कळायला पुढे आठ-दहा वर्षं लागली. खोपोलीला नगरकडची एक सिस्टरबाई होती. दवाखाना संपला की ती आजूबाजूच्या वाड्यांवर बाळंतिणींना बघायला यायची. पांढरं स्वच्छ लुगडं, हातात कातडी बॅग. मला तिची अंधुकशी आठवण आहे, ती बरीचशी पेपरमिंटच्या गोळीची आहे. नाताळात ती करंज्या, चकल्या आणि शेवेचं ताट रुमालाखाली झाकून आणायची आणि आजी दिवाळीत तिला तसंच ताट द्यायची. तिचे वडील नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं करत. कवी ना. वा. टिळकांनीही तिकडे जोपासलेली ती रीत. त्यामुळे बाईंना गोष्ट सांगायची हातोटी होती. एका दुपारी वाल सोलता सोलता तिने आजीला लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. धाकटा वाटा मागून जातो, उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते, परत येतो. बाप लांबूनच बघतो आणि धावतो. चांगला झगा घाला म्हणतो, हातात अंगठी घाला, पायांत वहाणा द्या, पोसलेलं वासरू कापा.

आजीच्या हातातले वाल थांबले. सगळ्यांना या गोष्टीत बाप दिसतो. आजीने विचारलं ते वेगळंच. "अंगठी कुणाची व्हती?"

बाई गोंधळल्या असाव्यात. मग आजीने हिशोब मांडला. धाकट्याने आपला वाटा नेला आणि संपवला. मग घरात उरलं ते सगळं थोरल्याचं. वासरू थोरल्याचं, झगा थोरल्याचा, अंगठी थोरल्याच्या बायकोची. बापाने माफ केलं, चांगलं केलं. पण खर्च कुणाच्या वाट्यातून झाला?

बाई म्हणाल्या, थोरलासुद्धा आहे गोष्टीत. तो शेतावर असतो, गाणं-वाजवणं ऐकून रुसतो, घरात येत नाही. बाप बाहेर जाऊन त्याची समजूत घालतो, जे माझं ते सगळं तुझंच आहे म्हणतो. आजी म्हणाली, "मंग आला का तो घरान?" बाई म्हणाल्या, ते नाही सांगितलेलं. गोष्ट तिथेच संपते.

दोन हजार वर्षांत या दृष्टांतावर मोठमोठ्या लोकांनी प्रवचनं केली आहेत. मला मात्र वाटतं, वाल सोलत बसलेल्या माझ्या आजीने त्यातल्या वर्मावर बोट ठेवलं. माफी फुकट मिळत नाही. कुणाच्यातरी खात्यावर ती पडते, आणि बहुधा जो घर सोडून कुठे गेला नाही त्याच्याच.

या प्रश्नामुळेच असेल, बाईंनी पुढच्या खेपेला आजीला एक पुस्तक आणून दिलं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती. विधवांचे हाल वाचून आजी रडली, पण ते पुस्तक तिला उपदेशाचं वाटलं. नंतर आलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हे भागाभागाने १९३४पासून छापलं गेलं. आजी अक्षरओळखीपुरती शिकलेली, बोट ठेवून, जुळवून जुळवून वाचणारी. पण खुद्द लक्ष्मीबाईही शाळेत गेल्या नव्हत्या, नवऱ्यानेच त्यांना वाचायला शिकवलं. आजी ते पुस्तक वर्षानुवर्षं वाचत राहिली. सिस्टरबाई बदली होऊन गेल्या, पुस्तक आमच्याकडेच राहिलं.

त्यातला उधळा पुत्र म्हणजे लक्ष्मीबाईंचे पती, ना. वा. टिळकच. बाप कडक, तापट. आई गेल्यावर पोराने लहान वयातच घर सोडलं. पुढे मोठे कवी झाले, तरी पाय घरात ठरेना. घरखर्चाचे पैसे वाटेत कुणा गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धावत येणारा बाप ज्यांना कधी भेटला नाही, त्या टिळकांनी ख्रिस्ताला आपल्या अभंगांत माउली म्हटलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांना त्यांचं घर सापडलं.

आणि लक्ष्मीबाईंचं? ज्या बापाच्या घरी मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची, अशा सोवळ्यात वाढलेली ही बाई. ते सोवळंही उगीच आलेलं नव्हतं. तिच्या आईचे वडील सत्तावनच्या धामधुमीत फाशी गेले, तेव्हापासून बापाच्या मनाने ते घेतलं होतं. नवऱ्याने धर्म बदलला आणि हिचं माहेर, सासर, जात, पंगत सगळं एका दिवसात पणाला लागलं. पदरात लहान मुलगा. चार-पाच वर्षं ती नवऱ्यापासून लांब राहिली. मग नगरला आली ती सुद्धा वेगळी चूल, वेगळं पाणी ठेवून. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांचं मोठेपण. पण एकेक पायरी उतरत गेली ती बाई. जातपात खोटी हे तिला तिच्या मनाने पटलं तेव्हाच तिने सोडली, आणि १९००मध्ये तिने आपल्या मर्जीने बाप्तिस्मा घेतला. आणि पुस्तकभर तिने नवऱ्यावर प्रेमच केलं आहे. १९१९ साली टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, ते काव्य पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. मागे राहिलेल्याने निस्तरायचं ते हे असं. आजी पुस्तक मिटून म्हणायची, "हिच्या पाटल्या माझ्यापरीस मोठ्या."

एवढ्यात भाचीने मला मॅरिलिन रॉबिन्सन या अमेरिकन लेखिकेची २००८ सालची 'होम' ही कादंबरी दिली. चष्मा पुसत पुसत वाचली. आयोवा प्रांतातल्या गिलियाड नावाच्या गावी एक म्हातारा निवृत्त पाद्री आहे. त्याचा जॅक नावाचा मुलगा वीस वर्षांनी घरी येतो. आईच्या मयतालाही न आलेला मुलगा. बाप आयुष्यभर क्षमेवर बोललेला. पण लेखिकेने गोष्ट सांगितली आहे ती धाकट्या बहिणीच्या, ग्लोरीच्या बाजूने. ती बापाचं करायला घरी येऊन राहिली आहे. कॉफी उकळते, भावाचे शर्ट धुते, दोघांच्या मध्ये उभी राहते. आणि शेवटी थकलेल्या बापालाच माफी पेलवत नाही. निरोपाला पुढे केलेला मुलाचा हात तो धरत नाही. जॅक पुन्हा जातो. तो गेल्यावर त्याची बायको आणि लहान मुलगा त्याला शोधत येतात. ती काळी बाई आहे, आणि १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत त्या गावी रात्र काढणंही तिला धोक्याचं आहे. ग्लोरीला तेव्हा उमगतं की आपण हे जुनं घर सांभाळायचं, आहे तसं ठेवायचं, कारण कधीतरी तो पोरगा आपल्या बापाचं घर बघायला येईल.

ते वाचलं आणि मला आजोबा दिसले.

आजोबांनी भावाला माफ केल्याचं कधी कुणी ऐकलं नाही. कितीतरी वर्षं दोघे एका घरात राहिले, एका खाचरात राबले, पण बोलले नाहीत. म्हणजे बोलले ते बैलांमार्फत. नांगर धरलेले आजोबा बैलाला म्हणायचे, "जरा बांधाकडनं घे रं," आणि तिकडे फावडं धरलेले धाकटे आजोबा बाजूला सरकायचे. मी लहान असताना हे पाहिलं आहे. मग बोलणं कधी सुरू झालं? कुणालाच आठवत नाही. मी शाळेत जायला लागलो तेव्हा संध्याकाळी दोघे ओटीवर एका पानाचे दोन तुकडे करून खात बसलेले असायचे.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीच होऊन गेली होती. पणजोबा वारले ते कुळकायद्याच्या सुमारास. तलाठ्याकडे वारस लावायला आजोबा एकटे गेले. फारकतीचा कागद घरात होता. तो दाखवला असता तर सगळी जमीन त्यांची एकट्याची झाली असती, आणि भावकीत कुणी अवाक्षर काढलं नसतं. आजोबांनी दोन्ही भावांची नावं सांगितली, निम्मे-निम्मे. घरी येऊन आजीलाही सांगितलं नाही. तिला ते पुढे सातबारा वाचताना कळलं. बोट ठेवून, जुळवून जुळवून ती वाचायची ना, ते असं कामाला आलं. सातबाऱ्यावर धाकट्या दिराचं नाव वाचून तिला राग आला का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आला. दोन दिस." मग म्हणाली, "पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पर मंग त्या कशापायी गेल्या, त्याला अर्थ लागला." फारकतीच्या कागदाबद्दल विचारलं की ती उडवून लावायची, "असंल नसंल, तुला काय करायचाय?"

लूकने थोरल्याचं काय झालं ते लिहिलेलं नाही. आमच्या थोरल्याचं मला लिहिता येतं. तो त्या रात्री मागच्या दाराने आला, जेवला नाही, आणि बारा-तेरा वर्षांनी कचेरीत जाऊन भावाला घरात घेऊन आला.

हे सगळं आज लिहायला कारण आहे. शिळफाट्याभोवतालच्या जमिनींना आता भाव आला आहे. जिथे राब भाजायचे तिथे मोजणीचे दगड लागले आहेत. आमच्याही घरात नव्या पिढीत बोलणं निघालं, की धाकट्या आजोबांनी आपला हिस्सा कधीच उचलला होता, मग त्यांच्या नातवंडांना निम्मं का? माझ्याच रक्ताची, माझी लाडकी पोरं हे म्हणतात, आणि हिशोबाने ते चूक नाहीत. आजीनेही हाच हिशोब मांडला होता. पण तो हिशोब ज्यांना मांडायचा हक्क होता, त्या दोघांनी तो मांडून, समजून, मिटवला. ज्यांच्या पाटल्या गेल्या त्यांनी माफ केलं. आता आपण तो उकरला तर धाकट्यांच्या नातवंडांचं जे जायचं ते जाईल, पण आजोबांनी केलेलंही पुसलं जाईल, आणि तेवढी एकच मोठी गोष्ट त्या अबोल माणसाने आयुष्यात केली होती. जमीन वारशाने आपल्याकडे आली तशी त्यांची माफीही आली आहे. एक घ्यायची आणि दुसरी टाकायची असं करता येत नाही.

पोरांना मी हे सांगितलं आहे, आणि मोजणीच्या दिवशी धाकट्या घरच्यांना आधी बोलावणं धाडायचं, असंही.